विचारून लावलेला दिवा

दिवाळीत आपण अंगणात पणत्या लावतो, दारावर आकाशकंदील टांगतो, तेव्हा गावाला विचारत नाही. विचारण्याचे कारणही नसते. त्या दिव्याचा उजेड रस्त्यावर पडतो, परक्याच्याही पायाखाली पडतो. परंतु तो कोणाला काही बजावत नाही. ‘थांब’ म्हणत नाही, ‘सावकाश जा’ म्हणत नाही, की ‘तू चुकलास’ असेही म्हणत नाही. ज्या दिव्याला काही सांगायचे नसते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण आता आपल्या रस्त्यांवर निराळ्या जातीचे दिवे उभे राहू लागले आहेत. ते बोलतात. विजेच्या आकड्यांनी वाहनाचा वेग दाखवतात, पुढे अपघात झाला आहे असे कळवतात, शाळा सुटण्याच्या वेळी वेग कमी करायला लावतात, आणि मनात येईल तेव्हा आपला मजकूर बदलतात. असा बोलका दिवा गावात उभा करण्यापूर्वी गावाला विचारावे काय, आणि विचारायचे तर नेमके काय विचारावे, हा प्रश्न नगरपरिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या शेवटच्या बाबीसारखा क्षुल्लक वाटेल. माझ्या मते तो क्षुल्लक नाही. माणसाने माणसाला केव्हा सांगावे आणि केव्हा विचारावे, हा नीतिविचारातला फार जुना प्रश्नच येथे खांबावर चढून बसला आहे.

प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून तो एका गावात नेऊन ठेवू. अमरावती जिल्ह्यातले अंजनगाव सुर्जी हे शहानूर नदीकाठचे जोडगाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ; भोवती कपाशी, संत्री, केळी आणि बारी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले पानमळे; गावातून परतवाड्याकडे, अकोटकडे आणि दर्यापूरकडे जाणारे रस्ते. या रस्त्यांवर एकाच वेळी दोन शतके चालत असतात. मालट्रक आणि मोटारसायकली एका शतकातल्या. कापसाची बंडी आणि दिवेलागणीला रानातून परतणारी गुरे दुसऱ्या शतकातली. आणि त्या दोहोंच्या मधून वाट काढणारी शाळेची मुले. समजा, अशा एखाद्या रस्त्यावर शाळेच्या अलीकडे वेग दाखवणारा फलक लावावा असे कोणाच्या मनात आले. फलकातून निघालेल्या लहरी येणाऱ्या वाहनावर आपटून परत येतात. वाहनाच्या वेगाप्रमाणे परतलेल्या लहरींच्या कंपनसंख्येत फरक पडतो. त्या फरकावरून वेग काढून तो आकड्यांत झळकतो. वर सौर तावदान बसवले की विजेच्या तारेचीही गरज उरत नाही. यंत्र साधे आहे. गुंता आहे तो यंत्राभोवतीच्या माणसांचा.

कायद्याने पाहिले तर विचारण्याची फारशी आवश्यकता नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 116 व्या कलमाने राज्य सरकारला, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या संस्थेला, सार्वजनिक जागी वाहतुकीच्या खुणा उभारण्याचा अधिकार दिलेला आहे. 112 व्या कलमाप्रमाणे राजपत्रात जाहीर करून आणि रस्त्यावर पाट्या लावून वेगाची मर्यादा ठरवता येते. या कलमांत भर आहे तो लोकांना कळवण्यावर, विचारण्यावर नाही. पूर्वी दवंडी पिटणारा चावडीपुढे येऊन हलगीवर थाप मारून जे सांगे, त्याचेच हे छापील रूप आहे. दवंडी ऐकून घ्यायची असते. तिला उत्तर द्यायचे नसते.

पाट्यांचीही एक भाषा आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या रस्तेसमितीच्या शिफारशींतून पुढे 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. आज आपल्या रस्त्यांवरच्या पाट्यांचे आकार आणि रंग तिच्या नियमांप्रमाणे ठरतात. त्यात गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी पाटी सावध करते आणि चौकोनी पाटी माहिती देते. आज्ञा, इशारा आणि वार्ता हे वाणीचे तीन प्रकार एखाद्या मीमांसकाने वेगळे करावेत, तसे ते इंजिनिअरांनी वेगळे केले आहेत. विजेच्या फलकाची अडचण अशी, की तो तिन्ही एकाच तोंडाने बोलतो. ‘तुमचा वेग 62’ ही वार्ता झाली. आकडा तांबडा होऊन लुकलुकू लागला की तो इशारा झाला. आणि त्याच खांबावर गाडीचा क्रमांक टिपणारा कॅमेरा बसवला, तर तीच वार्ता हुकूम होते आणि पाठोपाठ दंडाची सूचना घरी येते. आरसा केव्हा शिपाई झाला हे ज्याच्या तोंडासमोर तो धरला आहे त्याला कळतही नाही. म्हणून लोकांना विचारायचेच असेल तर पहिला प्रश्न ‘फलक हवा की नको’ हा नसून ‘या फलकाने तुमच्याशी कोणत्या नात्याने बोलावे’ हा आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणी म्हणेल, रस्त्यावर माणसे मरत असताना सभा कसल्या भरवता? 2022 या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. म्हणजे दर तासाला एकोणीस. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती एखाद्या वाड्याची लांबी ओलांडून गेलेली असते. हे गणित मतदानाने बदलत नाही. रोग्याला औषध देताना वैद्य गल्लीत मते गोळा करीत नाही. आणि न विचारता झालेली सर्वच कामे वाईट असतात असेही नाही. 1943 साली देशातले प्रमुख इंजिनिअर नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांचा आराखडा केला. शेतीच्या चांगल्या मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे उद्दिष्ट त्यांनी डोळ्यांपुढे ठेवले. शेतकऱ्यांची सभा भरवून ते ठरले नव्हते. तरीही ते शेतकऱ्यांच्या हिताचे होते.

या आक्षेपाला आणखी एक धार आहे. ‘गावाला विचारा’ असे आपण सहज म्हणतो. पण गाव म्हणजे कोण? महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव परत घेतला. म्हणजे तेथे स्थानिक मत घेतले गेले नव्हते असे नाही. ते घेतले गेले आणि अन्यायाच्या बाजूने पडले. अखेर 1937 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात अस्पृश्यांचा हक्क टिकला. पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगीतांवर कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. पाणी असो की रस्ता, जे सर्वांचे आहे त्यावर कोणी पाऊल ठेवावे, हे बहुमताने ठरवण्याची गोष्ट नाही. त्याच न्यायाने, शाळेतल्या पोराचा जीव वाचवावा की नाही, हाही सभेपुढे ठेवण्याचा विषय होऊ शकत नाही. ‘आमच्या ट्रकांना उशीर होतो, फलक नको’ असे शंभर हात वर झाले, तरी त्या शंभर हातांना ते सांगण्याचा अधिकार नाही.

इतके मान्य केल्यावर विचारण्यासारखे उरते काय? मला वाटते, पुष्कळ उरते. मुलाला वाचवावे हे ठरलेले आहे. कसे वाचवावे हे ठरलेले नाही. आणि ‘कसे’चे उत्तर एकट्या तज्ज्ञाजवळ नसते. अशी एखादी सभा खरोखरच भरली आहे अशी कल्पना करून पाहा. साहेब नकाशा उलगडून विचारतील, “फलक कुठे लावू?” कोपऱ्यावरचा पानठेलेवाला म्हणेल, लोक रस्ता ओलांडतात ते तुमच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून नव्हे, माझ्या ठेल्यापुढून. रस्त्याला लागून घर असलेली एखादी आजी म्हणेल, “लावा बाप्पा दिवा, पण माह्या खिडकीत त्याचा उजेड नोका पाडू, रातभर डोया लागत नाही मंग.” आठवीतली एखादी मुलगी उभी राहून सांगेल, की शाळा पाचला सुटते हे खरे, पण आमची एस.टी. साडेपाचला येते आणि तोवर आम्ही सगळ्या रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतो. तुमचा दिवा पाच वाजून दहा मिनिटांनी विझणार असेल तर आमच्या काय उपयोगाचा? आणि मागे बसलेला एखादा कास्तकार सावकाश म्हणेल, “माह्या बैलाले काय वाचता येते जी? मांगून येनाऱ्या टरकले माही बंडी दिसत नाही, हे दुखनं आहे. बंडीले मांगून चमकनारा लाल कागद लावून द्या. दिवा मंग पाहू.”

या शेवटच्या माणसाने साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. त्याने प्रश्नच बदलला. खऱ्या विचारपुशीची खूण हीच आहे. ‘कुठे’ विचारायला गेलेला माणूस ‘काय’ ऐकून परत येतो. विचारणाऱ्याच्या हातात छापील अर्ज असतो आणि त्यावर ‘होय’ व ‘नाही’ अशा दोनच चौकटी असतात. कास्तकाराचे म्हणणे त्या दोन्हींत बसत नाही. मग ते टिपून घ्यायचे की गाळायचे, येथे विचारणाऱ्याच्या नीतीची परीक्षा होते.

तरीही केवळ माहिती मिळावी म्हणून विचारायचे असेल, तर त्याला मी नीतीची गोष्ट म्हणणार नाही. ती हुशारीची गोष्ट झाली. उद्या आकाशातून टिपलेल्या चित्रांवरून कोण कोठे रस्ता ओलांडतो हे कोणाला न विचारताच कळेल. तेव्हा लोकांना विचारण्याचे कारण संपले असे आपण म्हणू काय? म्हणता येणार नाही; कारण माणूस हा माहितीचे भांडे नाही. ज्याला उद्यापासून रोज त्या फलकाचे ऐकायचे आहे, त्याला ‘का ऐकू?’ असे विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्याला समजेल अशा भाषेत कारण सांगणे हे हुकूम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. कारण न सांगता हाकतात ती गुरे. स्वतःच स्वतःला घालून दिलेला नियम पाळण्यात मनुष्याचे स्वातंत्र्य आहे, असे कांट या जर्मन तत्त्वज्ञाने म्हटले. त्याचा अर्थ रस्त्यावर आणला तर इतकाच, की ज्या मर्यादेच्या कारणात माझा वाटा आहे ती मी पोलीस नसतानाही पाळतो, आणि ज्या मर्यादेत माझा वाटा नाही ती फक्त पोलीस दिसेपर्यंत पाळतो.

हे तत्त्व जर्मनीतून आणण्याचीही गरज नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्याच शेंडगावी 23 फेब्रुवारी 1876 रोजी एका मुलाचा जन्म झाला. त्याला पुढे सारा महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. गावात आले की ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनाची पद्धत पाहण्यासारखी होती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे मुके जनावर मारावे काय, पोराला शाळेत घालावे की नको, असे एकामागून एक प्रश्न येत आणि हजारोंच्या तोंडून उत्तर निघे. ते उपदेश सांगूनही देऊ शकले असते. परंतु माणसाने जे स्वतःच्या तोंडाने म्हटले ते त्याला बांधून ठेवते, कानाने ऐकलेले तितके बांधीत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

येथे एक शंका घेता येईल. बाबांना उत्तर आधीच ठाऊक असे. मग ते विचारणे खोटे नव्हते काय? नव्हते, कारण त्यांच्या हाती सत्ता नव्हती. श्रोत्याने ‘होय’ म्हटले तरी ते त्याच्या घरात शिरून काही करवून घेऊ शकत नव्हते. निर्णय शेवटी श्रोत्याचाच राहत असे. शिक्षक उत्तर माहीत असून प्रश्न विचारतो, त्यात शिष्याचा मान असतो. सत्ताधारी निर्णय घेऊन मग प्रश्न विचारतो, त्यात प्रजेचा अपमान असतो. शब्द तेच, परंतु एक शिकवणे आहे आणि दुसरे सोंग आहे.

न विचारण्याचा अनुभव या गावाइतका क्वचितच दुसऱ्या गावाला असेल. आसई, आडगाव आणि गाविलगड येथे मराठ्यांचा मोड झाल्यावर 30 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्ली आणि दौलतराव शिंदे यांच्यात जो तह झाला, तो सुर्जी अंजनगावचा तह म्हणून इतिहासात नोंदला गेला. गंगा-यमुनेमधला मुलूख, भडोच, अहमदनगर असे दूरदूरचे प्रदेश या गावाच्या शिवारात बसून एका हातातून दुसऱ्या हातात गेले. गावाचे नाव अमर झाले. परंतु शिवारात ज्यांची उभी ज्वारी सैन्याच्या घोड्यांपुढे होती, त्यांचे मत त्या कागदात नाही. पुढे 1902 साली निजामाने सारे वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले. तेव्हाही वऱ्हाडी माणसाला कोणी विचारले नाही. ज्या भूमीला सोन्याची कुऱ्हाड म्हटले, तिच्या मुठीवर हात कोणाचा, हे नेहमी बाहेर ठरत आले. त्यामुळे ‘आम्हाले कोणी इचारलं काय?’ हा उद्गार येथे केवळ रुसवा नसतो. त्याच्यामागे बरेच जुने दुखणे असते.

याउलट आपल्याकडे विचारण्याचीही एक रीत होती. जमिनीचा वा वतनाचा तंटा पडला की मजालस भरे, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत साक्षी होत आणि निवाड्याचा महजर तयार होई. लिहिता न येणारा आपल्या हत्याराचे चित्र काढून निशाणी करी. पाटलाच्या नावापुढे नांगर उमटे. शिवेचा तंटा असेल तर महाराचा शब्द प्रमाण मानीत, कारण शिवेचे दगड त्याच्या पायाखालचे असत. या रीतीला मी उजळ रंग देऊ इच्छीत नाही. ज्याचा शब्द शिवेवर प्रमाण, त्याला गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. आणि गावातल्या अर्ध्या माणसांना, म्हणजे बायकांना, तेथे सहसा जागा नव्हती. पण एक गुण त्या कागदात होता. कोणी काय म्हटले आणि कोणाची निशाणी आहे हे त्यात नोंदलेले असे. विचारलेले वाऱ्यावर जात नसे.

आजच्या विचारपुशीत हाच गुण हरवण्याचा धोका आहे. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य आपण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पुष्कळदा वाचतो. त्यातली हरकत कोठे गेली, कोणी वाचली, कोणत्या कारणाने फेटाळली, हे हरकत घेणाऱ्याला समजले नाही, तर पुढच्या वेळी तो लिहीत नाही. आणि मग अधिकारी म्हणतात, लोकांना रसच नाही. ठरवून झाल्यावर विचारणे हे न विचारण्यापेक्षा वाईट. न विचारणारा निदान आपल्या अंगावर जबाबदारी घेतो. ठरवून विचारणारा निर्णय आपल्यापाशी ठेवतो आणि दोष लोकांच्या पदरात टाकतो.

विचारण्याला दात असले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांनी सह्या केल्या की गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही हा प्रश्न समजतो आणि तिच्या उत्तराने दुकानाला कुलूप लागू शकते. येथेही गाव जिंकते असे नेहमीच होत नाही. पण कौल मागितला तो खराच मागितला, याविषयी कोणाच्या मनात संदेह राहत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने तर याहून पुढे जाऊन बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याचा शिरस्ता पाडला. त्याला वेळ लागतो. एकच माणूस नाही म्हणाला तर विषय पुन्हा मांडावा लागतो. पण ज्याचे मत आज एकट्याचे आहे, त्याला उद्याही त्याच गावात राहायचे आहे, ही जाण त्यात आहे.

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. 2022 च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गाच्या पंचाहत्तर किलोमीटरांच्या पट्ट्याचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग करून जागतिक विक्रम झाला. ज्या प्रदेशात रस्ता पाच दिवसांत तयार होतो, तेथे खांबासाठी पाच महिने सभा घ्यायच्या काय, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु डांबर पसरणे आणि माणसांचे मन वळणे यांचा वेग एक नाही. रस्ता लवकर झाला म्हणून त्यावर वागण्याची रीत लवकर होत नाही. उलट रस्ता जितका गुळगुळीत, तितकी त्या रीतीची गरज अधिक. तो वेळ वाया जातो असे समजणे चूक आहे. सभेत घालवलेला तास पुढे शिपायाच्या कित्येक दिवसांची उभ्याने पहारेदारी वाचवतो.

यंत्राच्या हाती न्याय दिला की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. 2020 च्या आरंभी मुंबई पोलिसांनी काही चौकांत केलेल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. भोंग्यांचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. लोकांनी त्याचे कौतुक केले, आणि कल्पना खरोखरच खुमासदार होती. पण मागे मुकाट्याने उभ्या असलेल्या, एकदाही भोंगा न वाजवलेल्या माणसालाही ती शिक्षा होत होती. यंत्राला आवाज ऐकू येतो, माणूस ओळखू येत नाही. उलट दिशेला नेदरलँड्समध्ये हान्स मोंडरमान या वाहतूक-अभियंत्याने ड्राख्टेन गावाच्या वर्दळीच्या चौकातले सिग्नल आणि पाट्याच काढून टाकल्या. पाटीकडे पाहण्याचे सोडून लोकांनी एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहावे, हा त्याचा हेतू. आपल्याकडे तसे करावे असे मी म्हणत नाही. आपल्या चौकांत डोळ्यांपेक्षा भोंगेच अधिक बोलतात. परंतु पाटी ही माणसाने माणसाकडे पाहण्याची जागा घेऊ शकत नाही, तिला मदत करू शकते, इतके त्यातून घेण्यासारखे आहे.

आता सभेत ज्याची खुर्ची नसते त्याच्याविषयी. रस्ता गावातून जातो, म्हणून तो गावाचा. पण तो गावाबाहेर जातो, म्हणून वाटसरूचाही. परतवाड्याहून अकोटकडे निघालेला ट्रकचालक अंजनगावच्या सभेला येणार नाही. मेळघाटातून आलेला कोरकू मजूर येणार नाही, आणि आला तरी मराठी अक्षरे त्याला वाचता येतीलच असे नाही. पाळण्यातले मूल येणार नाही, बैल तर येणारच नाही. जे आले त्यांनी न आलेल्यांच्या वतीने बोलायचे असते. सभेच्या नीतीतला हा सर्वांत अवघड भाग आहे. ‘माझे काय’ एवढेच बोलणारा माणूस सभेत मागणी मांडतो. ‘जो आला नाही त्याचे काय’ असे विचारणारा माणूस नागरिक होतो. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखले आहे. आपण कोणाची ‘वाट पाहतो’, कोणाला ‘वाट देतो’. वाट म्हणजे जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली जागा.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. जीव वाचवावा की नाही हे विचारू नये. ते ठरलेले आहे, आणि ते ठरलेले आहे असे स्पष्ट सांगावे. कसा वाचवावा हे विचारावे, आणि उत्तराने आराखडा बदलण्याची तयारी ठेवूनच विचारावे. फलक नुसता आरसा आहे की त्यामागे शिपाई आहे, तो काय टिपतो आणि टिपलेले कोणापाशी राहते, हे आधी सांगावे. कोणाचे कोणते म्हणणे घेतले आणि कोणते का घेतले नाही, हे महजरासारखे लिहून चावडीवर लावावे. यात मोठे तत्त्वज्ञान नाही. घरात कर्त्या माणसाने निर्णय घेताना बाकीच्यांना जितका मान द्यावा, तितकाच मान यात आहे.

परंतु मान एका बाजूने मागता येत नाही. ज्याला विचारले त्याच्यावरही ऋण चढते. सभेत हात वर करून ‘वेग कमी पाहिजे’ म्हणणाऱ्याने परतताना स्वतःची मोटारसायकल त्या फलकासमोर हळू न्यायला हवी. नाहीतर त्याने मत दिले नाही, शेजाऱ्याला शिस्त लावण्याची फर्माईश केली. आणि खरी कसोटी फलक उभा राहण्याच्या दिवशी नसते. त्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतो. कसोटी दोन वर्षांनी असते, जेव्हा एखाद्या वळवाच्या वावटळीने तावदान फुटते आणि फलक अर्धवट आकडे दाखवू लागतो. चुकीचा आकडा दाखवणारा फलक नुसता निरुपयोगी नसतो. रस्त्यावर सांगितलेले खोटे असते, असे तो पोरांना रोज शिकवत असतो. न विचारता लावला असेल तर तो सरकारचा फलक म्हणून तसाच राहील. येणारा-जाणारा त्याच्याकडे पाहून हसेल आणि पुढे जाईल. विचारून लावला असेल तर मात्र त्या कास्तकाराला, त्या आजीला, त्या एस.टी.ची वाट पाहणाऱ्या मुलीला उठून नगरपरिषदेच्या दारात जावे लागेल आणि म्हणावे लागेल, “साहेब, आमचा दिवा बिघडला आहे.”